चर्चच्या जांभळ्या काचा

१

शनिवारी सकाळी मी आमच्या स्कोव्हबेक गावच्या क्रीडा हॉलमध्ये पाऊल टाकलं, तेव्हा पाले ब्रिंक भिंतीला पाठ टेकून उभा होता. दाढ काढायच्या आधी खुर्चीत बसलेल्या माणसाचा चेहरा मी सगळा जन्म पाहिलाय. पालेचा चेहरा अगदी तसा झाला होता.

"गुड्रुन, गोंद लावलाय," तो म्हणाला.

"कशाला?"

"टिल्डेच्या चर्चला. व्हर्नरच्या जांभळ्या काचा गोंद लावून बसवल्यात त्यात."

बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. पण आमचं गाव कारखान्याच्या सावलीत वाढलेलं आहे. त्या कारखान्यात खेळातल्या विटा होतात. एकीचे खुंट दुसरीच्या पोटात दाबले की पकड बसते, आणि ओढलं की सुटते. सुटते म्हणूनच तो खेळ आहे. आमच्या क्लबात सगळी मोठी माणसं, केस पांढरे झालेली. कुणी बायकोला सोडलं तर आम्ही त्याला कॉफी पाजतो. विटांना गोंद लावणाऱ्याला मात्र आम्ही दारात उभं करत नाही.

दरवर्षी हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही आख्खं गाव विटांत उभं करतो. टेबलांवर स्टेशन, बेकरी, पाण्याची टाकी, आणि मधोमध टिल्डेने बांधलेलं पांढरं चर्च. काल संध्याकाळी मी निघाले तेव्हा त्याच्या खिडक्यांना साध्या काचा होत्या. आता तिथे जांभळा उजेड पडला होता. दिसायला सुंदर होतं, खोटं कशाला बोलू.

चर्चसमोर खुर्चीवर व्हर्नर डामकेअर बसला होता. मांडीवर रिकामा लाकडी कप्पा. तरुणपणी तो कारखान्यात साच्यांवर कामाला होता. एकदा चाचणीसाठी आरपार दिसणाऱ्या जांभळ्या प्लास्टिकचा थोडा माल काढला गेला, वरच्यांना रंग आवडला नाही, बाकीचा दळून टाकला. व्हर्नरने मूठभर तुकडे खिशात घालून घरी आणले. त्या जांभळ्या काचा जगात फक्त त्याच्याकडे होत्या, आणि हे त्याने आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतं की आमच्या पोरांनाही पाठ झालं होतं. तो काही बांधायचा नाही. नुसतं जमवायचा, एका रंगाला एक कप्पा असं लावायचा, दाखवायचा, आणि हात पुढे आला की कप्पा बंद करायचा. त्या बंद करण्यातच त्याची खरी मजा होती.

"एक ओढून पाहिली," व्हर्नर म्हणाला आणि तळहात उघडला. हातात काचेचे दोन तुकडे होते. "हे बघ काय केलंय माझं त्या कत्तलखान्यातल्या बाईने."

"कोणी केलं ते अजून ठरायचंय," मी म्हणाले.

"ठरायचं काय त्यात? नोव्हेंबरात मागायला आली होती. मी नाही म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं."

म्हटलं होतं खरं. शब्द असे होते: 'माझ्या काचा डुकरं कापणाऱ्या हातांसाठी नाहीत.' टिल्डेने तेव्हा नुसते हात मागे नेले होते.

पालेने मला बाजूला घेतलं. "दोन वाजता उद्‌घाटन. कारखान्याची बाई येणार आहे. टिल्डे सोमवारपासून त्यांच्याकडे रुजू होतेय, नवे नमुने बांधायच्या टेबलावर. तिने चोरी केली असेल तर मला आधी फोन करून सांगायलाच हवं. तू बघतेस का जरा? पोलीस नकोत क्लबात."

"मीच का?"

"तुझ्यासमोर तोंड उघडायची सगळ्यांना सवय आहे."

तेही खरंच. मी गावची दातांची डॉक्टर, आता निवृत्त. टेबलावर क्लबचा नाश्ता मांडला होता. व्हर्नरने एक पाव उचलला, वरची कडक साल सोलून बशीच्या कडेला ठेवली, आतला मऊ भाग कॉफीत बुडवला आणि सावकाश गिळला. एवढं दुःख झालेला माणूस खात होता हे माझ्या लक्षात राहिलं. साल का सोलतोय, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही.

२

टिल्डे हॉलच्या स्वयंपाकघरात बसली होती. तिशीची बाई, खांदे रुंद, समोरच्या एका दाताचा कोपरा तुटलेला. तो कोपरा बाटली उघडताना गेला, आणि बसवून घ्यायला तिला कधी सवड झाली नाही. मी माणसं अशीच लक्षात ठेवते. पालेचे वरचे दात पुढे आलेत. व्हर्नरच्या वरच्या जबड्यात एकही दात त्याचा स्वतःचा नाही, सगळी कवळी मी केलेली. ती करताना त्याने हट्ट धरला होता की डावा सुळा जरा वाकडा बसव, म्हणजे कुणाला खोटे वाटणार नाहीत. फार तोऱ्याचा माणूस.

"तुम्हालाही मीच वाटते?" टिल्डेने विचारलं.

"मला अजून काही वाटत नाही. काल रात्री कुठे होतीस?"

"घरी. झोपले होते. माझ्याबरोबर कुणी नव्हतं, तेव्हा साक्षीदार विचारू नका."

"तुझ्या विटांच्या तळघराला कुलूप असतं?"

"इथे कोण लावतं कुलूप?" तिने बोटं मिटली, उघडली. तिची बोटं थंडीने कायमची सुजलेली असतात. दहा वर्षं ती कत्तलखान्याच्या बर्फगार हॉलमध्ये पट्ट्यावरून येणारी डुकरं कापत आली होती. "डॉक्टर, माझी जागा त्यांनी काल दुसऱ्याला दिली. निरोपाचा केकसुद्धा खाऊन झाला. सोमवारी कारखान्याने नको म्हटलं तर मला परत त्या पट्ट्यावरही घेणार नाहीत."

"मग खरं सांग. काचा तू घेतल्यास?"

"नाही."

"गोंद?"

"मी?" ती पहिल्यांदा चिडली. "गोंद लावायला मी काय अडाणी आहे?"

मी तिला चर्चपाशी नेलं. वाटलं, केलेलं असेल तर समोर उभी राहिल्यावर नजर चुकवेल. तिने नजर चुकवली नाही. ती वाकली, एका खिडकीतून आत बघितलं, मग दुसऱ्या खिडकीतून. बराच वेळ ती तशीच बघत राहिली. आणि मग, देवाशपथ सांगते, तिला हसू आलं.

"काय झालं?"

"काही नाही," टिल्डे म्हणाली. "बसवल्यात मात्र छान."

हे व्हर्नरने ऐकलं. पालेनेही ऐकलं. त्या क्षणी मलाही वाटून गेलं की हिनेच केलंय.

३

"तळघर बघू द्यावं तिने," यॉर्न म्हणाला. हा आमच्यातला व्यापारी. दुर्मिळ तुकडे घेतो, विकतो, प्रत्येक तुकडा छोट्या पिशवीत घालून ठेवतो. त्याच्या पुढच्या दोन दातांत एवढी फट आहे की तो हसला की शिट्टी वाजते.

"जा, बघा," टिल्डे म्हणाली. "लपवायला आहे काय?"

सायकलच्या दुकानाखाली तिचं तळघर. पाले, यॉर्न आणि मी उतरलो. व्हर्नर जिन्यावरच थांबला, गुडघे दुखतात म्हणाला.

तळघर म्हणजे भिंतभर खोकी. प्रत्येक कप्प्यावर आतल्या तुकड्याचं चित्र डकवलेलं. मी एक कप्पा ओढला. त्यात छपराचे उतरते तुकडे होते, लाल, निळे, काळे, पिवळे, सगळे एकत्र. दुसऱ्यात नुसत्या कमानी, त्याही सगळ्या रंगांच्या. फळ्यांच्या कडेला दोऱ्यांनी प्लास्टिकच्या छोट्या पट्ट्या टांगलेल्या होत्या. घट्ट बसलेल्या विटा सोडवायची ती पट्टी. कुठेही उभं राहिलं तरी तिच्या हाताला एक पट्टी मिळावी, अशी सोय.

"व्यवस्थित आहे बाई," यॉर्न कबूल करून गेला.

मग पालेने खालच्या रांगेतला छपराच्या तुकड्यांचा कप्पा ओढला आणि नुसता "अरे देवा" म्हणाला.

लाल-काळ्या उतरत्या तुकड्यांवर जांभळं काहीतरी पडलं होतं. एक कमान. दोन गोल तुकडे. एक उतरता तुकडा. आणि बोटाएवढी लांब, पातळ पट्टीसारखी एक वीट. व्हर्नरच्या रिकाम्या कप्प्यातला उरलेला सगळा माल.

जिन्यावरून व्हर्नरचा आवाज आला, "सापडलं ना?"

तो खाली उतरला नव्हता. त्याला काही दिसत नव्हतं. पण पाले ज्या सुरात देवाचं नाव घेतो त्यावरून कुणालाही कळलं असतं, म्हणून मी ते तिथेच सोडून दिलं.

वर हॉलमध्ये पालेने ते तुकडे टिल्डेसमोर ठेवले. ती पांढरीफटक पडली.

"हे माझ्याकडे नव्हते."

"तुझ्या कप्प्यात होते, पोरी," व्हर्नर म्हणाला. त्याचा आवाज गोड होता. "सोमवारी लवकर उठायची घाई नको आता. झोप निवांत."

पालेने फोन हातात घेतला.

"जेवणापर्यंत थांब," मी म्हणाले.

"गुड्रुन, आता काय राहिलंय?"

"थांब म्हटलं ना. तुझ्या दाढांचा पूल मी फुकट बसवला होता, विसरलास?"

पालेने फोन खिशात टाकला.

४

यॉर्नला मी त्याच्या विक्रीच्या टेबलामागे गाठलं.

"व्हर्नरकडे किती वेळा मागितल्यास त्या काचा?"

"दर नाताळला. दर नाताळला तो मला घरी बोलवायचा, कप्पा उघडायचा, आणि मी हात पुढे केला की बंद करायचा. माझ्या बोटांवर बंद केलाय एकदा." त्याने शिट्टी घालत उसासा टाकला. "त्याच्या बायकोसमोर म्हणाला, बघ कसा कुत्र्यासारखा बघतोय."

"मग सूड म्हणून तूच का नाही?"

"डॉक्टरीणबाई, मी विकणारा माणूस. मी चोरल्या असत्या तर आत्तापर्यंत त्या दुसऱ्या देशात गेल्या असत्या. विकायच्या मालाला कोण गोंद लावतं?"

हे पटण्यासारखं होतं. त्याच्याइतका निर्लज्ज प्रामाणिकपणा गावात दुसऱ्या कुणाकडे नाही.

व्हर्नरची बायको एल्से कोट काढायच्या खोलीत विणत बसली होती. तिचे दात अजून सगळे स्वतःचे, आणि ती ते क्वचितच दाखवते.

"व्हर्नर ते कप्पे ठेवतो त्या कपाटाची किल्ली कुठे असते?" मी विचारलं.

"त्याच्या गळ्यात. अंघोळीलाही काढत नाही. कुलूप फोडलेलं नाही, ते मी बघितलंय. कसं काय ते मला विचारू नकोस."

"तू कधी उघडलंस ते कपाट?"

"मी? ती घाण माझ्या ताब्यात असती तर शेकोटीत गेली असती. गोंद आणायला दुकानात कोण जाणार?" सुया थांबल्या. "एक सांगू? तो जांभळा कप्पा तो पोस्टमनलासुद्धा दाखवायचा. चहाला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडासमोर धरायचा. उन्हाळा संपल्यापासून मात्र कुणाला दाखवला नाही. यॉर्नला या नाताळात बोलावलंच नाही. मी म्हटलं, आजारी आहेस का? तर माझ्यावर खेकसला."

"कारखान्यात टिल्डेची निवड झाली ते त्याला कधी कळलं?"

"ज्या दिवशी गावाला कळलं त्याच दिवशी. त्या रात्री जेवला नाही. त्याने स्वतः तीनदा अर्ज केला होता त्या टेबलासाठी, ठाऊक आहे ना? तिन्ही वेळा त्यांनी त्याला परत साच्यांवर पाठवलं." एल्से पुन्हा विणू लागली. "म्हणाला, मी जमवलं आणि ती बांधणार."

"एल्से, त्याची कवळी नीट बसतेय ना?"

तिने वर बघितलं. "काल रात्रीपासून हलतेय म्हणतो. सोमवारी तुझ्याकडे पाठवणारच होते. का?"

मी पर्समधून भिंग काढलं आणि चर्चकडे निघाले.

५

निवृत्त झाले तरी भिंग मी सोडलेलं नाही. ते डोळ्याला लावलं की माणसं दिसत नाहीत, फक्त खुणा दिसतात. त्याने बरं वाटतं.

आधी मी व्हर्नरच्या हातात तुटलेली काच बघितली. दाताला चीर पडली आणि ती जुनी असली, तर तिच्यात चहा-कॉफीचा डाग उतरतो. नवी चीर स्वच्छ असते. या काचेच्या कडेला बारीक चिरांचं जाळं होतं, आणि त्या चिरांत काळपट धूळ बसली होती. एका रात्रीत एवढी धूळ बसत नाही. हे प्लास्टिक महिनोन्‌महिने आपोआप फुटत आलं होतं. बाकीच्या काचाही तशाच. खुंटाला दाबून पाहिलं तर पकड उरलीच नव्हती. गोंद लावल्याशिवाय त्या बसल्याच नसत्या.

मग मी खिडक्यांखालची चौकट बघितली. तिथे एक लांब पातळ जांभळी पट्टी होती, तळघरात सापडली तिची जोडीदार. दोन्ही कारखान्यातल्या चाचणीपासूनच एकीवर एक दाबलेल्या असणार, कारण एकमेकींना टेकलेल्या बाजूंचा रंग गडद, बाहेरचा फिका होता. घट्ट अडकलेल्या पातळ पट्ट्या सुट्या करणं फार जिकिरीचं. नखं तुटतात. लहानपणी आम्ही सगळ्यांनी त्यासाठी एकच गोष्ट केली, आणि त्यापायी आयांचे धपाटे खाल्ले.

तळघरातून आणलेली पट्टी जोडीतली वरची होती, आणि तिच्या कडेला खड्डे होते. दातांचे. कुणीतरी ती दातांनी ओढून काढली होती.

मी खाली बसले. टिल्डेचा तुटका कोपरा असता तर तिथे एक खड्डा अर्धवट दिसला असता. यॉर्नची फट असती तर मधे जागा सुटली असती. पालेचे दात असते तर मधले दोन खोल गेले असते. इथे सगळे खड्डे सारख्या खोलीचे, सारख्या अंतरावर, कुठे झीज नाही, कुठे खोट नाही. म्हाताऱ्या माणसाच्या खऱ्या दातांच्या खुणा अशा नसतात. फक्त टोकाचा एक खड्डा जरा तिरपा होता.

तो तिरपेपणा मी ओळखला. तो मी स्वतःच्या हाताने मेणात वळवला होता.

६

उद्‌घाटनाला तासभर होता. मी सगळ्यांना चर्चभोवती बोलावलं. पाले फोन हातात धरून उभा. टिल्डे कोट घालून, निघायच्या तयारीत. व्हर्नर आपल्या खुर्चीवर, राजासारखा.

"टिल्डे," मी म्हणाले, "समज, तुला चोरलेली जांभळी कमान लपवायचीय. कुठे ठेवशील?"

"कमानींच्या कप्प्यात."

"आणि गोल तुकडा?"

"गोलांच्या कप्प्यात. दुसरीकडे कुठे ठेवणार?"

"ऐकलंत? जो बांधतो तो आकाराने लावतो, कारण लाल ढिगात लाल तुकडा शोधता शोधता डोळे फुटतात. तिच्या तळघरात एका कप्प्यात एक आकार, रंग वाटेल ते. पण आपल्याला काय सापडलं? कमान, गोल, पट्टी, उतरता तुकडा, चार आकार एकाच कप्प्यात, तोही छपराचा. ठेवणाऱ्याला ते विचित्र वाटलंच नाही. कारण त्याच्या लेखी ते चार वेगळे तुकडे नव्हतेच. तो सगळा एकच माल होता, जांभळा. आपल्यात रंगाने कोण लावतं?"

सगळ्यांच्या माना आपोआप वळल्या.

व्हर्नर हसला. "वेडी झालीस का गुड्रुन? माझ्या काचा, जगात दुसऱ्या नाहीत, आणि त्यांना मी गोंद लावीन?"

"मेलेल्या काचा, व्हर्नर. उन्हाळ्यापासून त्या फुटतायत. म्हणून तू कप्पा दाखवायचं बंद केलंस. त्या जाणारच होत्या. तू म्हटलंस, जाता जाता हिला घेऊन जाऊ देत. ये यॉर्न, भिंगातून बघ. चिरांत धूळ आहे."

यॉर्नने बघितलं. त्याची शिट्टी वाजली. "मेल्या, आणि मी दर नाताळला..." पुढचे शब्द लिहिण्यासारखे नाहीत.

"हे सगळं तुझं बोलणं झालं," व्हर्नर म्हणाला. "पुरावा दाखव."

"सकाळी पावाची साल का सोललीस?"

त्याचा हात आपसूक वरच्या ओठाकडे गेला.

"टिल्डेच्या तळघरात पावलापावलाला सोडवायची पट्टी टांगलेली आहे. तिला दात लावायची गरजच नाही. तू मात्र आयुष्यात कधी दोन तुकडे जोडलेही नाहीस आणि सोडवलेही नाहीस. घाईत तुला सुचलं ते तुझ्या लहानपणचं. आणि तुझी कवळी हलायला लागली." मी जांभळी पट्टी टेबलावर ठेवली. "दात काढ."

"काय?"

"वरची कवळी काढ आणि इथे ठेव. जुळली नाही तर मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागीन."

तो पालेकडे बघत राहिला. पालेने नजर खाली घातली. तेव्हा मागून एल्सेचा आवाज आला, अगदी शांत.

"काढ की, व्हर्नर. मला काय रोज दिसतंच."

त्याने काढली. कवळी निघाली तसा त्याचा वरचा ओठ आत गेला, गाल बसले, आणि खुर्चीत राजाच्या जागी एक पिचलेला म्हातारा उरला. मी ती कवळी पट्टीच्या कडेवर टेकवली. एकेक दात आपापल्या खड्ड्यात गेला. शेवटी वाकडा सुळा तिरप्या खड्ड्यात बसला. मला आनंद झाला. का होऊ नये?

"मी जमवलं," व्हर्नर म्हणाला. दात नसल्याने शब्द थुंकीत भिजून बाहेर येत होते. "हिने... डुकरं..." पुढचं कुणालाच कळलं नाही. कळून घ्यायची कुणाला इच्छाही नव्हती.

पालेने फोन खिशात टाकला. "क्लबाची किल्ली ठेव टेबलावर," तो त्याला म्हणाला. "या दारातून पुन्हा आत यायचं नाही."

टिल्डे पुढे आली. मला वाटलं थोबाडीत मारेल, आणि मी अडवणार नव्हते. ती त्याच्यासमोर वाकली, सकाळी चर्चसमोर वाकली होती तशी.

"मी सकाळी हसले ते का, सांगू?" ती म्हणाली. "काचांच्या मागे तुम्ही एक पांढरी पट्टी तिरपी लावलीत. आतल्या दिव्याचा उजेड तिच्यावर आपटून मग काचेतून बाहेर येतो. म्हणून खिडक्या आतून पेटल्यासारख्या दिसतात. तीन महिने मी त्या चर्चवर डोकं आपटलं, मला ते सुचलं नाही." ती सरळ उभी राहिली. "तुम्हाला जमत होतं, व्हर्नर. आयुष्यभर कप्पे उघडत-मिटत बसलात, आणि जमत होतं तुम्हाला."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर त्याने ते सोसलं असतं. व्हर्नर उठला आणि तोंडावर हात धरून स्वयंपाकघरात निघून गेला. कवळी टेबलावरच राहिली. मी ती रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली.

७

कारखान्याची बाई वेळेवर आली. बारीक केस, साधे बूट, डोळे मात्र सगळीकडे फिरणारे. स्टेशन बघून मान डोलावली, बेकरी बघून हसली. चर्चपाशी ती थांबली आणि हलेचना. पोरं तिच्या पायांतून डोकी घालून जांभळा उजेड बघत होती.

"हा उजेड कोणाची कल्पना?" तिने विचारलं. "टिल्डे, तुझी?"

पालेने घसा साफ केला. यॉर्न छताकडे बघू लागला. टिल्डेला हो म्हणणं किती सोपं होतं. तिच्या जागी मी असते तर हो म्हटलं असतं.

"नाही," टिल्डे म्हणाली. "चर्च माझं. खिडक्या व्हर्नर डामकेअर यांनी बसवल्या."

"डामकेअर? आमच्याकडे होते का कधी?"

"साच्यांवर होते. आयुष्यभर."

"असा माणूस आमच्या साच्यांवर होता?" बाईने इकडेतिकडे बघितलं. "आहेत का ते इथे? मला भेटायचंय त्यांना."

स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये कॉफी द्यायची खिडकी आहे. तिची फळी अर्धी उघडी होती. मागे व्हर्नर उभा होता, तोंडावर हात तसाच. त्याने शब्दन्‌शब्द ऐकला होता. ज्या टेबलाने त्याला तीनदा परत पाठवलं, ते टेबल आता पायांनी चालत त्याला विचारत आलं होतं.

मी आत गेले. त्याने दुसरा हात माझ्यापुढे पसरला. नुसता तळहात. डोळ्यांत पाणी होतं, आणि अशी विनवणी मी खुर्चीत बसलेल्या कुठल्याही पेशंटच्या डोळ्यांत पाहिली नव्हती.

माझ्या खिशात कवळी होती. रुमालातून सुळ्याचं टोक बोटाला लागत होतं. यॉर्नच्या बोटांवर मिटलेला कप्पा मला आठवला, आणि नोव्हेंबरात मागे गेलेले टिल्डेचे सुजलेले हातही.

मी खिशातून रिकामा हात बाहेर काढला आणि कोटाचं वरचं बटण लावलं.

बाहेर बाईने थोडा वेळ वाट पाहिली. मग टिल्डेचा हात हातात घेतला, सोमवारी हातमोजे आणू नकोस, आमच्याकडे गरम असतं, असं म्हणाली, आणि आपल्या गाडीकडे निघून गेली.